फक्कीच्या रेषेबाहेरून एक फेरी

दसरा उलटला की आमच्याकडे दुपारचं ऊन चावायला लागतं. पहाटे पंचवटीत नदीवरून गार वारा येतो, पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं, आणि शाळा सुटायच्या वेळेला तोच रस्ता तव्यासारखा तापलेला असतो. भाजीबाजाराच्या कडेला न खपलेल्या झेंडूचे ढीग कुजत पडलेले असतात. दिंडोरीकडून येणाऱ्या एस.टी.तून बायका उतरतात. त्यांच्या लुगड्यांना छाटलेल्या द्राक्षवेलींचा ओला, तुरट वास असतो आणि बोटांवर वेलीच्या डोळ्यांना लावायच्या औषधाचे डाग. बाकी नाशिकला हा छाटणीचा हंगाम. आमच्या घरात तो फक्कीचा हंगाम होता.

फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड. माझा मोठा भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याला घरात आणि बाहेर सगळेच दादा म्हणत. पहिली पाळी करून तो दुपारी घरी यायचा, जेवायचा, फक्कीचं पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि मैदानावर जायचा. परतायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई म्हणायची, "आला बघ म्हातारा." तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता.

या वर्षी श्रावणात तो गेला. हृदयविकाराने. म्हातारा व्हायचं राहूनच गेलं. मागच्या दाराशी अर्धं पोतं अजून तसंच आहे. ते हलवायला माझा हात होत नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. ऋतूवर लिहायला बसलात तर आधी वास आठवा, असं मुलांना सांगते. स्वतः लिहायला बसले तर वासाच्या आधी राग येतो. दुःखाने माणूस मऊ होतो असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलंय. मी झाले नाही. दादा गेल्यापासून माझ्यात काहीतरी घट्ट होत चाललंय, आणि ते सैल व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

मागच्या आठवड्यात नाना घरी आले. नाना म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, भांडी बाजारात त्यांचं तांब्यापितळेचं जुनं दुकान. सोबत ते होते, ज्यांना आता सगळे साहेब म्हणतात. दहाएक वर्षांपूर्वी ते क्लबचे मॅनेजर झाले आणि तिथून वर वर चढत गेले. आता पांढरी गाडी आहे, मागेपुढे पोरं आहेत. चपला दाराबाहेर काढून, हात जोडून, मान खाली घालून ते आत आले. दादाच्या फोटोपुढे उभे राहिले. फार छान उभे राहिले.

नानांनी पिशवीतून पितळी चषक काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावर दादाचं पूर्ण नाव आणि खाली 'स्मृती चषक'. आमच्याकडे भांड्यावर नाव घालून घेतात ना, तसं नानांनी दुकानातच घालून घेतलं होतं.

"कुंदा, फायनल रविवारी आहे," नाना म्हणाले. "तू यायचंस आणि माईकवर दोन शब्द बोलायचेस. घरच्यांची संमती आहे एवढं लोकांना कळलं की झालं."

"नाव तर घातलंत तुम्ही."

"अगं, तुझी ना असणार आहे का?"

"बक्षीस कोण देणार?"

"साहेब. दुसरं कोण?"

साहेब माझ्याकडे बघून मवाळ हसले. "ताई, मी फार बोलणार नाही. एकच सांगणार आहे. दादांनी मैदानात कधी राजकारण आणलं नाही. असा माणूस आता होणे नाही."

मी आत जाऊन चहा केला. साखर घातली नाही. त्या दिवशी माझ्याने तेवढंच झालं. साहेबांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि "वा" म्हणाले.

आमचा क्लब काही मोठा नव्हता. गोलची जाळी म्हणजे द्राक्षबागेत पाखरांसाठी लावतात त्या जाळीचे फाटके तुकडे, दादाने गाठी मारून जोडलेले. जुन्या नाशकातली पोरं होती, पंचवटीतली होती, शरणपूरची होती. पेठच्या डोंगरातला लक्ष्मण होता. त्याच्या घरचे छाटणीच्या कामाला दिंडोरीला उतरायचे, तेव्हा तो टेम्पोत उभा राहून संध्याकाळी सरावाला यायचा आणि बूट हातात धरून अनवाणी पळायचा. गोलमध्ये सलीम उभा राहायचा. लांब हातांचा, सतत बोलणारा. "भाऊ, जरा जोरात मार, झोप येतेय," असं समोरच्या संघाच्या पोराला म्हणायचा.

आणि बादली होती. नानांनीच दिलेली पितळी बादली आणि एक पेला. हाफटाइमला सगळे गोल करून बसायचे आणि पेला फिरायचा. आधी कोण, मग कोण, याला काही क्रम नव्हता. ज्याला जास्त धाप लागली असेल त्याच्या हातात तो आधी जायचा. सलीमला तो शेवटी मिळायचा, कारण गोलकीपरला पळावं लागत नाही असं बाकीच्यांचं म्हणणं. तो रोज तेवढ्यावरून भांडायचा. मी कधी चहाची किटली घेऊन गेले तर लांब उभी राहून ते भांडण ऐकायचे. मला आजही पाण्याचा आवाज म्हटलं की तो पितळेवर पेला आपटल्याचा आवाज आठवतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक हिवाळा असा आला की शहराशहरांत जाळपोळ झाली. आमच्याकडेही दुकानांची शटरं दिवसाढवळ्या खाली आली. सराव बंद पडला. पुन्हा सुरू झाला तेव्हा पोरं एकमेकांच्या डोळ्याला डोळा देईनात. कुणी काही बोललं की दुसरा बुटांच्या नाड्या सोडायला लागायचा. तेव्हा दादाने नियम केला. फक्कीच्या रेषेच्या आत राजकारण नाही. पक्ष नाही, जात नाही, भाषण नाही. जो बोलेल त्याने उठायचं, चपला-बूट काढायचे आणि मैदानाला रेषेबाहेरून एक फेरी मारून यायचं. मगच परत आत.

पोरांना ते आवडलं. महिनाभर नुसत्या फेऱ्या चालल्या होत्या. कुणी साध्या नगरसेवकाचं नाव काढलं तरी बाकीचे ओरडायचे, "एक फेरी! एक फेरी!" सलीम तर मुद्दाम काहीतरी बोलायचा आणि हात हलवत, राजासारखा फेरी मारून यायचा. हसता हसता ती पोरं पुन्हा एक झाली. दादाला या नियमाचा फार अभिमान होता. इतका की त्यात काय कमी आहे हे त्याला दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही.

त्याच हिवाळ्यात, पाळीवरून येताना, दादा एका चौकात सायकल धरून उभा राहिला होता. तिथे सभा चालू होती. एका लहानशा संघटनेची, नाव मोठं आणि माणसं थोडी. भोंग्यावर एक तरुण बोलत होता. दादाने मला त्या रात्री जेवताना ते एकदाच सांगितलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच होता. तो वक्ता म्हणाला होता, दुकानांवरच्या पाट्या नीट वाचून ठेवा, आणि वेळ आली की कुणाला विचारत बसू नका. चार दिवसांनी त्याच रस्त्यावरची सलीमच्या मामाची बेकरी जळाली. कुणी जाळली ते कुणाला ठाऊक नाही, आणि कुणी विचारत बसलंही नाही.

तो बोलणारा तरुण फुटबॉल मात्र चांगला खेळलेला होता. हे खरं आहे, मी नाकारत नाही. आणि आमचा क्लब दर वर्षी सेमीफायनलला हरायचा. पाच-सहा वर्षं अशी गेल्यावर नानांच्या मनात आलं की आता शिकलेला, ओळखी असलेला मॅनेजर आणावा. नाव पुढे आलं ते त्याचंच.

समितीची सभा मैदानावर होती. दसऱ्यानंतरचेच दिवस होते. गोलसमोरच्या चौकोनात गवत नसतं म्हणून तिथे सतरंजी टाकलेली. दुसऱ्या टोकाच्या गोलमध्ये सलीमचा सराव चालला होता. मी किटली घेऊन गेले होते, म्हणून मी हे पाहिलं.

दादा म्हणाला, "माणूस खेळाडू चांगला आहे. पण नाना, त्या हिवाळ्यात चौकात तो काय बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"त्याच्या भाषणाशी आपल्याला काय करायचंय?" समितीतला एक जण म्हणाला. "ऑफसाइड कळतो ना त्याला? मग झालं."

"तो म्हणाला होता, दुकानांवरच्या पाट्या..."

"दादा, दादा," नाना हसत म्हणाले. त्यांनी बोटाने खाली दाखवलं. "कुठे बसलायस तू? रेषेच्या आत की बाहेर?"

दादाने खाली, रेषेकडे पाहिलं.

"नियम कुणाचा?" नानांनी विचारलं.

मग सगळेच हसले. कुणीतरी ओरडलं, "एक फेरी!" आणि बाकीच्यांनी ते उचललं.

तो उठला नसता तरी चाललं असतं. दुसरा कुणीही बसून राहिला असता, म्हणाला असता की हा विषय वेगळा आहे, आधी ऐका. पण नियम त्याचा होता, आणि पोरांना लावलेला नियम स्वतःला लावायचा नाही हे त्याला जमणारं नव्हतं. त्याने चपला काढल्या. पँटचे पाय दुमडले. आणि पळायला लागला. दिवसभर उभं राहून काम केलेला माणूस, ढेकळांतून, रेषा पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघत.

तो पलीकडच्या गोलपर्यंत पोचला असेल नसेल, तेव्हा नाना म्हणाले, "तोवर आपण आटपून घेऊ. कुणाची हरकत?" हात वर झाले. मी किटली धरून उभी होते. मला मत द्यायचा हक्क नव्हता.

सलीमने मला नंतर सांगितलं, दादा त्याच्या गोलमागून पळत गेला तेव्हा त्याने विचारलं होतं, "दादा, तुम्हाला फेरी? काय बोललात?"

"राजकारण," दादा म्हणाला.

"कुणाचं?"

"तुझं, बाबा."

दादा धापा टाकत परत आला तोवर चहा ओतून झाला होता. नानांनी एक कप त्याच्याकडे सरकवला. "झालं, दादा," ते म्हणाले. "एकमताने."

त्या 'एकमताने'वर मी गेली इतकी वर्षं विचार करतेय. चौकात, भोंग्यावर जे बोललं गेलं ते राजकारण ठरलं नाही, कारण ते रेषेच्या बाहेर होतं. ते मी ऐकलं, असं एका माणसाने सतरंजीवर बसून सांगणं मात्र राजकारण ठरलं. विष बाहेर कालवून आत आणायला मोकळीक होती. आत त्याला विष म्हणायला तेवढी बंदी. आणि ही बंदी घालणारा माझा साधा, भला भाऊ. नानांनी मुद्दाम केलं का? मला आता त्याची पर्वा नाही. मुद्दाम न करता इतकं चोख करता येत असेल तर ते जास्तच वाईट.

मॅनेजर आले आणि पहिल्या दिवशी कुणाला काहीच खटकलं नाही. ते हळू बोलायचे. प्रथिनं, धावण्याचं वेळापत्रक, मोजे रोज धुवा. मग म्हणाले, एका पेल्याने सगळ्यांनी पाणी पिणं आरोग्याला बरं नाही, प्रत्येकाने आपापली बाटली आणावी. समितीला ते फार पटलं. शिकलेला मॅनेजर आणल्याचं चीज झालं, असं नाना सगळ्यांना सांगत सुटले. बादली दुकानात परत गेली. पुढे दादाने एकदा तिची चौकशी केली तेव्हा नाना म्हणाले, "मोडीत घातली रे. कोण वापरणार?"

लक्ष्मणने बाटली आणली ती बागेतल्या शेडमधली, औषधाची, धुऊन घेतलेली. दादा त्या दिवशी कोपऱ्यात रेषा मारत होता. त्याने ती पाहिली, धावत जाऊन हातातून ओढली आणि पाणी मातीत ओतलं.

"धुतली व्हती ना दादा," लक्ष्मण म्हणाला. "मी बाटली कुठून आणू? आमच्यात हाय कुणाकडं?"

मॅनेजर बाकीच्या पोरांकडे वळून हसले. "बघा. हे असं असतं." हे म्हणजे काय, आणि असं म्हणजे कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. पोरं हसली. लक्ष्मण पुढच्या आठवड्यात टेम्पोत चढला नाही.

मग सामन्याआधी गोल करून, उजवा हात पुढे ताणून, एक घोषणा द्यायची सुरू झाली. मी ती इथे लिहिणार नाही. सलीम हात पाठीमागे ठेवून उभा राहायचा. त्याला संघातून काढलं नाही. काढणं ठळक दिसलं असतं. नुसतं बाकावर बसवलं. एकदा तो आमच्या दारात येऊन दादाला म्हणाला, "दादा, मी गोलकीपर आहे. माझ्याकडे काय येतंय ते मला लांबून दिसतं." आणि मग हसून, "ताई, चहा ठेवा. आता पळायचं नाहीये, निवांत आहे." त्यानंतर तो क्लबात गेला नाही.

त्या वर्षी क्लब जिंकला. हेही लिहायला हवं. मिरवणूक आमच्या गल्लीवरून गेली, गुलाल उधळत. वाईट माणसाच्या हातून वाईटच घडतं असं लहान मुलांना सांगायला बरं. माणूस वाईट होता आणि संघ जिंकला, आणि जिंकल्यावर त्याचं चौकातलं भाषण कुणालाच आठवेना. दादाने खिडकी लावून घेतली. गुलाल तरीही फटीतून आत आला, ओट्यावर, ताटांवर. मी दोनदा पुसलं.

लोक मला विचारायचे, दादाने क्लब सोडला का? सोडला आणि नाहीही. सभांना तो कधी गेला नाही, सामना पाहायला थांबला नाही. पण रेषा मारायला जात राहिला, शेवटच्या वर्षापर्यंत. मी चिडायचे. "त्यांच्यासाठी कशाला मारतोस?"

"त्यांच्यासाठी नाही," तो म्हणायचा. "मैदान वाकडं दिसतं."

मी त्याला कधी विचारलं नाही की तू उठलास कशाला. त्याला ते विचारलेलं सोसलं नसतं. संध्याकाळी पाय धुताना तो घोट्यांवरची फक्की चोळत बसायचा, बराच वेळ, पाणी वाहत असायचं.

रविवारी मी गेले. मांडव होता, खुर्च्या होत्या, पांढरी गाडी थेट मैदानात आणलेली. रेषा दुसऱ्या कुणी मारल्या होत्या. वाकड्या होत्या. माईक गोलसमोरच्या चौकोनात उभा केलेला, जिथे तेव्हा सतरंजी होती. चषक टेबलावर, दादाच्या नावावर ऊन चमकत होतं. साहेब बोलले. फार बोलले नाहीत, शब्द पाळला. "दादांनी मैदानात कधी राजकारण आणलं नाही," असं म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं.

मी रेषेपाशी आले आणि चपला काढल्या.

"अगं, राहू दे, राहू दे चपला," नाना म्हणाले. त्यांना वाटलं मी मैदानाला मान देतेय.

"नाना, मी आधी फेरी मारून येते."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

मी पळाले नाही. या वयात, साडीत, पळणं मला शोभलं नसतं आणि मला घाईही नव्हती. चालत गेले. जमीन तापलेली होती. मांडवात आधी कुजबुज झाली, मग हसू. दोन्ही संघांची पोरं उभी राहून बघत होती, त्यांच्यातल्या एकालाही हा नियम माहीत नव्हता. पलीकडच्या गोलमागे कुंपणाला टेकून सलीम उभा होता. त्याचं आता दुचाकीचं गॅरेज आहे, हात तेलाने काळे. दादाचं नाव लागणार म्हणून आला होता, आत मात्र आला नव्हता.

"ताई, तुम्हाला फेरी?" तो म्हणाला. "काय बोलणार आहात?"

"राजकारण."

कुणाचं ते त्याने या वेळी विचारलं नाही. "मग दमानं चाला," म्हणाला. "थांबू द्या त्यांना."

मी परत आले. माईकपाशी उभी राहिले. साहेब घड्याळ बघत होते. नाना हळूच म्हणाले, "कुंदा, नको."

मी म्हणाले, "त्या हिवाळ्यात, भर चौकात, हे साहेब म्हणाले होते की दुकानांवरच्या पाट्या वाचून ठेवा, आणि वेळ आली की कुणाला विचारत बसू नका. माझ्या भावाने ते ऐकलं होतं. यांना क्लबात घेण्याआधी त्याला ते तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही त्याला फेरी मारायला लावलीत आणि तो पाठमोरा असताना हात वर केलेत. या माणसाच्या हातातल्या चषकावर त्याचं नाव राहणार नाही. आमची संमती नाही. नाना, नाव घासून काढा, तुमच्याच दुकानात होईल."

माईक मध्येच कधीतरी बंद केला गेला होता. पण मी रोज पन्नास मुलांच्या वर्गात बोलते, मला माईक लागत नाही.

साहेब उठले आणि गाडीकडे गेले. चेहऱ्यावर तेच मवाळ हसू होतं. फक्त मान आता खाली नव्हती. नाना चषक छातीशी धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"कुंदा, तू दादाचीच बहीण ना? मैदानात उभी राहून हे राजकारण केलंस."

"हो," मी म्हणाले. "म्हणून तर आधी फेरी मारली."